साळूचे डेलिया

मुलांनो, डोंगरावरच्या एका दाट जंगलात एक साळू राहत असे. अंगभर काटे, खाणे कंदमुळांचे, पण फुलांची तिला भारी हौस. जंगलाच्या कडेला एक ओस पडलेला बंगला होता. त्याच्या बागेत हिवाळ्यात डेलियाची ताटाएवढी लाल फुले फुलत. पण दर पावसाळ्यात जमिनीत पाणी साचे, कंद कुजत आणि झाडे कमी होत. शेवटी एकच झाड उरले. हिवाळा सरला आणि तेही वाळले. साळू मनाशी म्हणाली, "हाही कंद कुजला, तर या जंगलात डेलिया पुन्हा दिसायचा नाही." तिने हलक्या पंजांनी कंदांचा झुबका उकरला, माती झटकली, सावलीत सुकवला आणि एका खडकाच्या कपारीत कोरड्या वाळूत पुरून ठेवला.

पावसाळा आला. झड लागली की साळूला बाहेर पडता येईना. पोटात कावळे ओरडत आणि समोर ते रसाळ कंद! ती वाळू उकरी, कंद हुंगी, एखादा मऊ पडला असेल तर तेवढाच काढून टाकी आणि बाकीचे पुन्हा झाकून उपाशीच झोपे. पाऊस ओसरला तेव्हा तिने झुबका बाहेर काढला. तेवढ्यात एक अस्वल डुलत डुलत आले.

"साळूताई, ही कपार माझी. तिच्यात ठेवलेल्या मालात माझा वाटा निघतो!"

अस्वलाशी भांडायचे कोणी? साळू म्हणाली, "घे दादा. पण जाड-बारीक पाहू नकोस. देठापाशी बारीकसा डोळा असतो, तो पाहून घे. कोंब तिथूनच फुटतो."

"मला बनवतेस होय? जाडजूड मला, हडकुळे तुला!" असे म्हणत अस्वलाने मोठे कंद कडाकड ओढून तोडले आणि बगलेत मारून ते चालते झाले. साळूच्या डोळ्यांत पाणी आले. झुबक्याला आता बोटांएवढे कंद तेवढे लोंबत होते. मग तिने नीट निरखून पाहिले. अस्वलाच्या हिसक्याने जाड कंद मानेतच मोडले होते आणि तांबूस डोळे सगळे देठालाच राहिले होते! साळूने डोळे पुसले आणि कामाला लागली. प्रत्येक बारीक कंदाबरोबर एक डोळा येईल असे तिने दातांनी बेताने कुरतडून वेगळे केले. जखमांना राख लावली. बंगल्यातल्या फुटक्या कुंड्यांत कुजलेला पाला आणि वाळू भरली, डोळा वर ठेवून कंद लावले आणि माती ओली होईल इतकेच पाणी शिंपडले.

अस्वलाने आपले कंद ओढ्याकाठच्या चिखलात पुरले आणि रोज त्यांच्यावर भरपूर पाणी ओतले. कोंब काही येईना. शेवटी चिडून त्याने उकरून पाहिले, तर हाती लागला नुसता घाणेरडा लगदा. नाक दाबून ते साळूकडे धावले आणि जागच्या जागी थबकले. कुंडी न् कुंडी फुलली होती! एका झाडाची कितीतरी झाडे झाली होती. मधमाश्या गुणगुणत होत्या, हरणे, ससे, मोर सगळे पाहायला लोटले होते.

"ताई, माझे कंद एवढे मोठे, त्यांतून काहीच नाही. आणि तुझ्या हडकुळ्यांतून हे?"

"दादा, जाडी तुझ्याकडे गेली, डोळे माझ्याकडे राहिले," साळू हसून म्हणाली.

अस्वलाने मान खाली घातली. "पुढच्या खेपेला मलाही शिकव."

"शिकवीन की!" साळू म्हणाली आणि त्या लाल फुलांच्या मधोमध उभी राहून तिने आनंदाने अंगावरचे सारे काटे फुलवून खुळखुळ वाजवले.

तात्पर्य : वाटा केवढा मिळाला यापेक्षा त्यात जीव कुठे आहे हे ज्याला कळते, त्याचे थोडेसुद्धा भरभरून फुलते.