वाघाटी आणि दयेची घंटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ती नगरी कुठे होती हे आता कोणालाच सांगता येत नाही. वाढता वाढता त्या नगरीनं भोवतालचं सगळं रान गिळून टाकलं होतं. वाघ गेले, हरणं गेली, मोरही गेले. राहिल्या फक्त वाघाट्या.

वाघाटी म्हणजे रानातली चिमुकली मांजर. घरच्या मांजरीहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके आणि चेहऱ्यापेक्षा मोठे वाटतील असे डोळे. तटाच्या भेगांत, कोठारांच्या आढ्यांवर, पडक्या धर्मशाळांच्या कोनाड्यांत त्या राहायच्या. उंदीर खायच्या, दिवसा झोपायच्या, माणसाच्या नजरेला पडायच्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणि वाघाट्या एकाच नगरीत नांदत होत्या, आणि माणसांना त्याचा पत्ताही नव्हता.

नगरीला मोठा अभिमान होता तो आपल्या दयेचा. राजवाड्याच्या दारात एक घंटा टांगलेली होती. कुठे पोरकं लेकरू सापडलं, मग ते माणसाचं असो की पाखराचं, की त्याला घेऊन यायचं आणि घंटा वाजवायची. लेकरू राजाच्या मायाघरात जाई आणि आणणाऱ्याच्या खांद्यावर भर दरबारात शाल पडे. ती शाल पांघरून लोक सणावारी मिरवत. ज्या घरात शाल नाही, त्या घरात मुलगी देताना लोक नाक मुरडत.

पोरकं कोणाला म्हणायचं, हे मात्र त्या दयाळू नगरीत कधीच कोणी विचारलं नाही.

तटाला लागून रंगाऱ्यांची पेठ होती. तिथे एक तरुण रंगारीण निळीचं काम करायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे असत. झाडाला झोळी बांधून तान्ह्याला तीत निजवायचं आणि आपण भिंतीआडच्या रांजणांवर जायचं, ही पेठेतल्या सगळ्याच बायांची रीत. रांजणातलं कापड मध्येच सोडलं की रंगाला डाग पडतो. त्यामुळे मूल रडलं, तरी हातातलं कापड काढूनच यावं लागे. हात रांजणात, पण कान झोळीपाशी.

एके सकाळी तिला तटाजवळच्या गवताच्या गंजीत वाघाटीची तीन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडलेले. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आई दिसली नाही.

"अगं बाई, पोरकी दिसतात!" शेजारीण म्हणाली. "उचल लवकर, नाहीतर दुसरी कोणी नेईल."

"आणि यांची आई आली तर?"

"यायची असती तर एव्हाना आली नसती का? तुझ्या घरात अजून शाल नाही, विसरलीस वाटतं! सासू रोज टोमणे मारते ते गोड लागतात?"

रंगारिणीनं पिल्लं ओच्यात घेतली आणि राजवाडा गाठला. घंटा वाजली. खांद्यावर शाल पडली. त्या दिवशी सासूनं तिला स्वतःच्या हातानं वाढलं.

आणि पिल्लांची आई? ती तटावरच होती, दगडाला चिकटून, श्वास रोखून. माणसं हलल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. म्हणून ती उतरली नाही. तिनं फक्त पाहिलं.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला तटावरून एक लांब, चिरका आवाज येऊ लागला.

"हडळ आली, हडळ!" पेठेत ओरडा झाला. लोकांनी थाळ्या बडवल्या. दारोदारी लिंबू-मिरच्या लटकल्या. मांत्रिकानं तटाखाली मिरच्यांची धुरी दिली. नवी शाल पांघरून रंगारीणही थाळी बडवत होती, इतरांपेक्षा जोरात.

गोष्टींतली जनावरं बोलतात ना, तशी तटावरची वाघाटीही बोलत होती. "माझी पिल्लं कुठे आहेत?" एवढंच विचारत होती. उत्तर ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे थाळ्या बडवत होते!

असेच काही दिवस गेले. एका दुपारी रंगारीण हात निथळत झोळीपाशी आली. झोळी रिकामी होती.

तिनं झोळी उलटी केली. पालटून पुन्हा पाहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू येईना. तेवढ्यात राजवाड्याकडून घंटा ऐकू आली, आणि ती तशीच ओल्या हातांनी पळत सुटली.

दरबारात एका परदेशी व्यापाऱ्याच्या खांद्यावर शाल पडत होती.

"माझं बाळ!" ती ओरडली. "माझं बाळ आहे ते!"

"ते पोरकं आहे, बाई," व्यापारी शांतपणे म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. झाडाखाली एकटं रडत होतं. जवळपास कोणी नव्हतं."

"मी भिंतीआड होते! किती वेळ पाहिलंत तुम्ही?"

"चांगलं एक पान खाऊन होईपर्यंत."

दरबारानं मान डोलावली. एवढा वेळ म्हणजे पुष्कळच झाला!

"शिवाय," राजवैद्य पुढे झाले, "बाळाच्या अंगावर निळे डाग आहेत. विषबाधा असावी. म्हणूनच आईनं टाकलं असेल."

रंगारिणीनं आपले दोन्ही हात वर केले. मग वैद्यांच्या हातातल्या बाळाच्या मांडीवरच्या निळ्या डागावर तिनं आपला अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. बाळ रडायचं थांबलं.

राजा ओशाळला. "द्या तिचं मूल तिला. पण बाई, दरबारात असं हडळीसारखं किंचाळू नये."

बाळाला छातीशी धरून रंगारीण जागच्या जागी थिजली. हडळीसारखं. आपला आवाज आपल्याला ओळखू का येत नव्हता, हे तिला आत्ता कळलं. तो आवाज तिनं रोज ऐकला होता. रोज त्याच्यावर थाळी बडवली होती.

"महाराज," ती कशीबशी म्हणाली, "मी आणलेली पिल्लं कुठे आहेत?"

मायाघरात रेशमाच्या गादीवर तीन पिल्लं होती. दोन ताठ झाली होती. तिसऱ्याचं पोट जेमतेम वरखाली होत होतं. शेजारी चांदीच्या वाटीत गाईचं दूध विरजून गेलं होतं.

"काय कमी केलं आम्ही?" मायाघराचा कारभारी हात चोळत म्हणाला. "दुधात केशर घातलं. भाविक रांगा लावून यायचे, एकेकाला मांडीवर घ्यायचे. तरी मरतात! जातच कृतघ्न."

रंगारिणीनं बाळाला पदरात बांधून घेतलं. तिसरं पिल्लू उचललं आणि ती तटाकडे निघाली. बातमी पसरली. तिच्यामागे अर्धी नगरी निघाली.

गंजीपाशी पोचल्यावर ती वाटेत घरून घेतलेली शाल पिल्लाखाली अंथरू लागली. शालीला राजवाड्यातल्या धुपाचा वास येत होता. तिनं ती लांब भिरकावली आणि पिल्लाला गवतातच ठेवलं.

"मागे व्हा सगळे!"

"आम्हालाही बघू दे की," शेजारीण पुढे घुसली. "पुण्य काय तुझ्या एकटीचं आहे?"

"मागे हो म्हणते ना! आपण इथून हलल्याशिवाय ती यायची नाही. आपल्यालाच भिते ती, आपल्याला!"

तिनं ढकलत ढकलत सगळ्यांना भिंतीआड नेलं. सूर्य कलला. कोणी खोकलं तरी ती डोळे वटारायची. तिचं स्वतःचं बाळ पदराखाली दूध पीत होतं.

दिवेलागणीला तटावरून एक ठिपक्यांची सावली उतरली. एवढीशी! हिला हडळ म्हटलं होतं आपण? लोक एकमेकांकडे पाहू लागले. वाघाटीनं पिल्लाला हुंगलं, चाटलं, मानेला धरून उचललं आणि ती तटाच्या भेगेत दिसेनाशी झाली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "झाली बाई मायलेकरांची भेट!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली. लोक उठू लागले.

तेवढ्यात वाघाटी परत आली.

दुसऱ्या पिल्लासाठी आली होती ती. तिनं गवत हुंगलं. पंजानं उकरलं. गंजीभोवती फिरली आणि तटावर चढून गेली. थोड्या वेळानं पुन्हा उतरली. पुन्हा उकरू लागली. आता तिसऱ्यासाठी.

भिंतीआडून कोणी हललं नाही. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग तटावरून तोच लांब, चिरका आवाज आला, आणि त्या संध्याकाळी संपूर्ण पेठेत एकही थाळी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी राजानं घंटेचा लोलक काढून टाकला. तेव्हापासून त्या नगरीत नवी रीत पडली. एकटं लेकरू दिसलं, की आधी दूर जाऊन आडोशाला बसायचं आणि त्याच्या आईची वाट पाहायची. पान खाऊन होईपर्यंत नव्हे, दिवस मावळेपर्यंत. त्यानंतर मायाघरात येणारी लेकरं इतकी कमी झाली, की आजवर आपण काय करत आलो या विचारानं राजाची झोप उडाली.

आणि रंगारिणीनं आणलेली ती दोन पिल्लं? ती काही परत आली नाहीत.

तात्पर्य : एकटं दिसलेलं लेकरू उचलण्याआधी आपण बाजूला व्हावं, त्याची आई कदाचित आपल्याच भीतीनं लांब उभी असते.