तांबड्या भाताची लाज

फार जुन्या काळी, राजे जेव्हा प्रजेला प्रश्न विचारायचे आणि प्रजा खोटी उत्तरं द्यायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण ती त्यांचीच आहे.

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. शेतं खाडीला लागून. मधे फक्त मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. मोठं उधाण आलं की बांधाला कुठंतरी खांड पडायची आणि समुद्र शेतात शिरायचा. दर दोन-चार वर्षांनी हे ठरलेलं.

त्या गावात दोन भातं पिकत. एक तांबडं. बुटकं, जाड दाण्याचं, लांब कुसळांचं. दिसायला काही नाही. पण खारं पाणी गुडघाभर चढून उभं राहिलं, तरी ते मरत नसे. पाणी उतरलं की पुन्हा मान वर काढी. गाव जगत होतं ते याच भातावर.

दुसरं पांढरं. बारीक, वासाचं. टेकडीच्या पायथ्याला गोड्या पाण्याचा झरा होता, तिथं प्रत्येक घराचा एकेक वाफा असे. तेवढ्यातच ते यायचं. तेवढंच ते लागायचं, कारण ते पाहुण्यांचं भात.

गावाची रीतच तशी होती. पाहुण्याच्या पानात तांबडा भात वाढायचा नाही. पाहुणा दारात दिसला की चुलीवरचं मडकं उचलून आत न्यायचं. सोयरीक जुळवायला आलेल्यांना सांगायचं, "तांबडं होय? ते आम्ही गुरांना घालतो." असं सांगणाऱ्याच्या दातात सकाळच्या तांबड्या भाताचं शीत अडकलेलं असायचं, ते सोडा.

त्या राज्याच्या राजाने एक बीजपारखी ठेवला होता. दोन भातांचं लग्न लावून त्यांच्या लेकरांतून नवं वाण काढायचं, हे त्याचं काम. आयुष्यभर त्याने राजाच्या बागेत वाणं काढली, आणि लोकांनी ती म्हशींना चारली. शेवटी राजा म्हणाला, "तू खाणार आहेस का ते भात? मग ज्यांना खायचंय त्यांना विचार."

पारखी गावात आला. गावकर, म्हणजे गावाचा थोरला, त्याच्या पडवीत सभा भरली. पारखी म्हणाला, "मी काही निवडणार नाही. तुम्ही निवडायचं. तुमची दोन्ही भातं मी एकत्र करतो. त्यांची लेकरं नाना तऱ्हेची निघतील. बुटकी, उंच, तांबडी, पांढरी. प्रत्येक घराला मी एक दोऱ्याचं गुंडाळं देतो. पीक तयार झालं की शेतात फिरा. जी लोंबी तुम्हाला हवी, तिला दोरा बांधा. दोरा असेल ते मी राखीन. नसेल ते मोडून टाकीन. असं वर्षामागून वर्ष करू, म्हणजे शेवटी उरेल ते तुमचंच वाण असेल."

किती सरळ गोष्ट! राजा विचारतोय, बाबांनो, तुम्हाला काय हवं. असं कधी कुणी विचारतं का?

पण प्रत्येक घराचं गुंडाळं गेलं घरातल्या थोरल्याच्या हातात. आणि थोरल्यांना हा माणूस बीजपारखी दिसलाच नाही. त्यांना तो पाहुणा दिसला.

त्या दिवशी पारख्याच्या पानात पांढरा भात पडला. दुसऱ्या दिवशीही. वाफ्यांतला संपला, तेव्हा शेजारच्या गावातून उसना आणून वाढला.

गावात धुरपा नावाची एक तरणी सून होती. तिच्या घरचं शेत अगदी बांधाला चिकटून. खांड पडली की पहिलं पाणी तिच्याच शेतात. पीक तयार झालं तेव्हा ती सासऱ्याबरोबर टेकडीच्या झऱ्याजवळ पारख्याने लावलेल्या वाफ्यांत गेली. तिथं एक ताट तिच्या नजरेत भरलं. तांबड्यासारखं बुटकं आणि जाड, पण लोंबी भरगच्च, दाणा जरा सडसडीत. ती म्हणाली, "मामंजी, याला बांधा. हे आपल्या शेतात उभं राहील."

सासरा म्हणाला, "गप. कुसळं बघ त्याची. पारखीबुवा बघतायत."

"बघू द्या की. त्यांनीच तर विचारलंय."

"विचारलं म्हणून काय सगळं सांगायचं? उद्या राजवाड्यात बोलतील, या गावाला भिकाऱ्यांचं भात लागतं." आणि त्याने दोरा बांधला एका उंच, गोऱ्यापान, वाऱ्यावर डुलणाऱ्या लोंबीला. शेजारच्या थोरल्याने बघितलं आणि त्यानेही तसल्याच लोंबीला बांधला. बघता बघता सगळे दोरे पांढऱ्यावर.

पारखी काही मूर्ख नव्हता. त्याने बांधाकडे पाहिलं. जमिनीवर पांढरं मीठ फुटलेलं पाहिलं. संध्याकाळच्या सभेत त्याने विचारलं, "शेतात खारं पाणी येत असेल ना?"

बांध राखायचं काम गावकराचं. पाणी येतं म्हणायचं, तर बांध राखला नाही हे कबूल करायचं. गावकर हसला. "छे हो! आमचा बांध म्हणजे काय! वाडवडिलांपासून थेंब आत आला नाही."

पडवीतली सगळी म्हातारी डोकी डोलली. गेल्याच उधाणात यांतल्या निम्म्यांचे पेंढे वाहून गेले होते.

"आणि रोज खाता काय?"

"पांढरंच. दुसरं काय?"

मागे बायांच्या घोळक्यातून धुरपा उभी राहिली. "खोटं आहे. आम्ही तांबडं खातो. सगळे. आज सकाळीही तेच खाल्लंय. आणि बांध दर दोन-चार वर्षांनी फुटतो. पांढरं त्या पाण्यात कुजतं. पारखीबुवा, तांबडं मोडू नका."

मग गावकर म्हणाला, "सूनबाईच्या माहेरी खात असतील तांबडं. बिचारीला सवय नाही सुटली."

आणि गाव हसलं. ज्यांच्या पोटात तांबडा भात होता ते हसले. ज्या बायांनी सकाळी तो रांधला त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. धुरपाचा नवरा हसला नाही. त्याने फक्त मान खाली घातली, आणि मला विचाराल तर ते हसण्यापेक्षा वाईट.

सभा उठल्यावर धुरपाने पारख्याला गाठलं. तो म्हणाला, "पोरी, तू खरं बोलत असशीलही. पण साऱ्या गावाचे दोरे एकीकडे, आणि तू एकटी. मी गावाचं ऐकायला आलोय."

"तुम्ही विचारलंत ते बरं केलंत," धुरपा म्हणाली, "पण दोरा कुणाच्या हातात आहे ते पाहिलं नाहीत."

पारखी निघून गेला. दोरे कुणी बांधले हे पाहायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

वर्षं गेली. दर पिकाला तो यायचा, आणि दोरे पांढऱ्यावरच असायचे. वाण तयार झालं. उंच, पांढरंशुभ्र, शिजलं की वास चार घरं ओलांडून जाई. राजाने त्याला गावाचंच नाव दिलं. गावकराला आणि थोरल्यांना शालजोड्या मिळाल्या. नव्या वाणाचा समारंभ ठरला. गावकराने हुकूम सोडला, "तांबडं आता कुणी पेरायचं नाही. नव्या वाणात भेसळ होईल. राजाला काय तोंड दाखवायचं?"

ज्यांच्या घरात तांबडं बी होतं, त्यांनी ते कांडून खाल्लं. धुरपाने मात्र पेंढ्याची एक मुडी बांधून माळ्यावर ठेवली होती, बियाण्याची. एक दिवस ती शेतावरून आली, तर अंगणात मोठा हंडा उकळत होता.

"आत्याबाई, हे काय शिजतंय?"

सासू म्हणाली, "समारंभाचा मांडव घालणारी माणसं आहेत गं. त्यांना काय पांढरं घालायचं? माळ्यावर तांबडं पडलंच होतं. तुझ्या मामंजींनीच काढून दिलं."

धुरपाने हंड्यात पाहिलं. एक दाणाही कोरडा उरला नव्हता. तिने मुडीचा सुटलेला पेंढा उचलला आणि सासऱ्यापुढे धरला. "असं काय बघतेस?" सासरा म्हणाला. "मूठभर दाण्यांसाठी कुणी मेलंय का?"

थांबा, मामंजी. गोष्टीत पुढे तेच सांगतोय.

एक पावसाळा बरा गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला मोठं उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. नेहमीचीच खांड, नेहमीच्याच जागी. पाणी धुरपाच्या शेतातून आत आलं आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलं. पांढरं वाण आधी पिवळं पडलं, मग काळं. पाणी उतरलं तेव्हा शेतात चिखल होता आणि कुजका वास. आणि जमिनीत मीठ एवढं मुरलं की पुढच्या वर्षी पेरलेलं पांढरं उगवलंच नाही.

तेव्हा थोरले उठले आणि राजधानीला गेले. पारख्याला म्हणाले, "आमचं तांबडं द्या."

"ते मी मोडलं. दोरा नव्हता."

"असं कसं मोडलंत? आमच्या वाडवडिलांचं भात!"

"तुम्हीच तर ते गुरांचं म्हणालात. मी विचारलं होतं, पाणी येतं का? रोज काय खाता?"

"अहो, पण ते..." गावकर म्हणाला आणि थांबला. पण ते काय? पण ते आम्ही आपलं शोभेसाठी बोललो. एवढंच होतं ते. एवढ्यासाठीच.

मग ते खाडीकाठच्या इतर गावांत फिरले. तिथल्या थोरल्यांनी या गावाच्या शालजोड्या पाहून केव्हाच पांढरं पेरलं होतं. तांबड्याचा एक दाणा कुठं मिळाला नाही.

परत आल्यावर पडवीत सभा भरली. गावकर तरण्यांकडे वळून म्हणाला, "तुम्ही पोरांनी तरी सांगायचं होतं. आमचं वय झालं. तुम्हाला डोळे नव्हते?"

धुरपा पुन्हा उभी राहिली. कडेवर मूल होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हसलात."

एवढंच बोलून ती घरी गेली आणि गाठोडं बांधलं. नवऱ्याला म्हणाली, "यायचं तर या. इथं बसून मान खाली घालायची, तर बसा." तो आला. त्यांच्या मागून आणखी एक घर निघालं, मग आणखी. परक्या मुलखात परक्यांच्या बांधावर त्यांनी मजुरी धरली. म्हातारे मागे राहिले. त्यांना न्यायला कुणी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला ते सुचलंही नाही. दर उधाणाला खांड रुंद होत गेली. भाताच्या शेतांत खारफुटी माजली, मग अंगणांत, मग पडवीत.

आज त्या वाणाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, काय वास होता! पण ज्या गावाचं ते नाव, ते गाव कुठं होतं, हे कुणाला सांगता येत नाही.

तात्पर्य : खरं विचारणाऱ्याला जे थोरले शोभेचं उत्तर देतात, ते आपल्या लेकरांच्या तोंडचा घास काढून घेतात.