पाचव्या घरच्या केळीची कहाणी

ऐका फुलाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, घरोघरी फुलझाडांचं कुंपण होतं. तिथं अनसूया नावाची बाई होती. तिची एकुलती लेक मंजुळा. मंजुळेचं लग्न ठरलं, घरात आनंद मावेना. सकाळी अक्षता, संध्याकाळी रिसेप्शन. विहीणबाईंचा निरोप आला, की आमच्यात जेवणाच्या टेबलाटेबलावर फुलं लागतात, जमत नसलं तर आम्ही माणूस पाठवतो. अनसूयेला ते झोंबलं. तिनं उलट निरोप धाडला, की लेक माझी, फुलंही माझ्या हातची.

निरोप धाडून बसली खरी, पण करायचं कसं? मग ती फुलाईच्या देवळात गेली. ओसरीवर एक म्हातारी देठ खुडत बसली होती. अनसूयेनं तिला आपली काळजी सांगितली. म्हातारी म्हणाली, माझा वसा घे. वसा घेऊन काय करावं? तेव्हा म्हातारीनं सांगितलं, “उन्हं चढायच्या आत पाच घरची फुलं मागावी. अबोला असेल त्या घरी आधी जावं. पितळेचं वाडगं घासावं, पाणी भरावं, देठ तिरपा कापावा, टेबलाच्या मधोमध मांडावं. फुलं इतकी उंच करू नयेत, की समोरचं माणूस दिसेनासं होईल. उतू नये, मातू नये, अर्ध्यात सोडू नये.”

अबोल्याचं घर एकच होतं, थोरल्या जावेचं. तिचं नाव द्वारका. तिला मूलबाळ नव्हतं. अनसूयेच्या डोहाळजेवणाला द्वारकेनं हौसेनं फुलांचे दागिने गुंफले होते. ते घालायला पुढं झाली, तर कोणी नातेवाईक बाई म्हणाली, वांझेचा हात नको. अनसूया गप्प बसली. द्वारकेनं परडी खाली ठेवली, घरी गेली, पुन्हा त्या दारात आली नाही. पोटातली मंजुळा आता नवरी झाली, तरी अबोला सुटला नाही.

लग्नाच्या पहाटे अनसूया परडी घेऊन निघाली. एका घरी झेंडू मिळाला, दुसऱ्या घरी शेवंती मिळाली, तिसऱ्या घरी गुलाब मिळाला, चौथ्या घरी निशिगंध मिळाला. जावेच्या दारावरून मात्र मान खाली घालून गेली. पाचवं घर आपलंच, असं म्हणून तिनं अंगणातली तगर तोडली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, मग अनसूया हॉलमध्ये वाडगी मांडून बसली. हात कसे शिवशिवत होते! पण फुलं लावली, ती आडवी झाली. दोऱ्यानं बांधली, ती एका अंगाला कलली. वाळू घातली, तर पाणी गढूळ झालं. शेवंतीनं माना टाकल्या, वऱ्हाड यायची वेळ जवळ आली. अनसूयेला रडू फुटलं. इतक्यात देवळातली म्हातारी दारात उभी. तिनं विचारलं, पाचवं घर कोणतं धरलंस? अनसूया म्हणाली, माझंच. म्हातारी म्हणाली, “घेणाराचं घर देणारांत धरत नाहीत, बाई.” असं म्हणून दिसेनाशी झाली.

मग अनसूया उठली, भरजरी शालू सावरीत तशीच पळत निघाली. द्वारका अंगणात केळीला पाणी घालीत होती. अनसूयेनं पाय धरले. “जाऊबाई, त्या दिवशी मी गप्प बसले. चूक माझी होती. पोरीच्या फुलांना तुमचा हात हवा.”

द्वारकेनं घागर खाली ठेवली. कोयता उचलला, घड उतरलेली एक केळ आडवी केली, खुंटाच्या जाड चकत्या पाडल्या. “देठ यात रोव, अनसूये. खुंट ओला असतो, फूल हलत नाही, सुकतही नाही.” मग दोघी धावल्या. एकीनं चकती बसवावी, एकीनं देठ कापावा. मधे निशिगंध, भोवती गुलाब, कडेनं शेवंती, झेंडू, तगर. बघता बघता टेबलंच्या टेबलं उमलली.

वऱ्हाड आलं. विहीणबाई प्रसन्न झाल्या, म्हणाल्या, ही कोणाची करणी? तीच नातेवाईक बाई तिथं उभी होती, तिनं तोंड वाकडं केलं. यावेळी अनसूया गप्प बसली नाही. भरल्या हॉलमध्ये म्हणाली, “आमच्या जाऊबाईंची. उभं राहण्याचं बळ त्यांच्या केळीचं आहे.”

मंजुळा स्टेजवरून उतरली. परडीत उरलेली फुलं होती, ती काकूंपुढं धरली आणि खाली बसून मान वाकवली. द्वारकेनं वेणी गुंफली, मंजुळेच्या अंबाड्यात माळली. आईच्या पोटात असताना राहिलेलं फूल तिला त्या दिवशी मिळालं.

जशी फुलाई अनसूयेला पावली, तशी तुम्हा आम्हा पावो, अबोल्याची दारं उघडोत. ही साठा देठांची कहाणी पाचा फुलांत सुफळ संपूर्ण.