महाराजांनी सोसलेली कळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात आणा. घशाला कोरड पडली आहे, समोर गार पाण्याची घागर आहे, आणि तरी तुम्ही तिला हात लावत नाही; कारण त्यात कुणी विष कालवले असेल, अशी भीती वाटते. एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे! असा एक माणूस सोनखडी गावात होता, आणि त्याच गावी, एका बंद पडलेल्या तेलघाण्यात निवांत महाराज मुक्कामाला होते.

त्या माणसाचे नाव रंभाजीराव देशमुख. त्यांचे धाकटे बंधू एका लग्नाच्या पंगतीतून उठले आणि त्याच संध्याकाळी गेले. तेव्हापासून देशमुखांचा कुणावरच विश्वास उरला नाही. राही कोळीण झऱ्यावरून त्यांचे पाणी आणी. तिने आधी त्यातले ओंजळभर स्वतः प्यायचे आणि अंगणात बसून राहायचे. घटकाभरात ती कोसळली नाही, की मगच देशमुख पाणी घेत. तेही दिवसाकाठी दोन फुलपात्री. म्हणत, "सावकाश भिनणारंही विष असतं."

राही बसल्या बसल्या महाराजांचे नाव घेई. देशमुख हिणवत, "घे, घे नाव! घाण्यातला बैल देव झालाय ना तुमचा!"

राही हसे. "बैल तर बैल, मालक. फिरतोय तो आपल्यासाठीच."

चैत्रातल्या एका सकाळी देशमुखांच्या बरगडीखाली कुणी पहार खुपसावी तशी कळ उठली. पाठीतून कुशीत, कुशीतून जांघेत उतरली. बसवेना, निजवेना. ओकाऱ्या झाल्या. लघवीला थेंब थेंब, तोही लाल. कळ जरा ओसरे, सुटलो असे वाटे, तोच पुन्हा उसळे.

वैद्य म्हणाले, "मुतखडा आहे. पोटात पाणीच जात नाही तुमच्या! कुळथाचं कढण घ्या आणि भरपूर पाणी प्या."

"तुम्हाला कुणी फितवलंय, वैद्यबुवा?" देशमुखांनी कढण अंगणात ओतून दिले. "हे राहीचंच काम! उन्हं कलायच्या आत तिला पोराबाळांसकट गावाबाहेर काढा."

राहीने हात जोडले. "मालक, रोज तुमच्याआधी मी प्याले की हो!"

"उतारा घेत असशील!"

हे सारे देशमुखांची सात वर्षांची नात सगुणा पाहत होती. ती धावत घाण्यात गेली आणि महाराजांचा हात धरून त्यांना घेऊन आली.

महाराज म्हणाले, "रंभाजी, राहीनं आणलेलं पाणी पी. तू पिईपर्यंत तुझी कळ मी सांभाळतो." आणि त्यांनी देशमुखांच्या पाठीवर तळहात ठेवला.

काय नवल! कळ जागच्या जागी थांबली. आणि महाराज मात्र पोट धरून जमिनीवर वाकले.

देशमुखांनी श्वास घेतला, पण संशय काही गेला नाही. राहीने पुढे केलेले फुलपात्र त्यांनी दूर सारले. "सोंग आहे हे! दोघांनी मिळून रचलंय. खरंच दुखत असेल, तर सांग बुवा, कुठं दुखतं?"

महाराजांनी बरगडीखाली बोट टेकले, कुशीवरून खाली जांघेपर्यंत ओढत नेले. "आणि इथं आलं," ते धापा टाकत म्हणाले, "की डावा पाय लटलट कापतो."

देशमुख गारच पडले. पाय कापतो हे त्यांनी वैद्यालाही सांगितले नव्हते. आपली कमजोरी वैऱ्याच्या कानी जाईल, म्हणून सकाळपासून तो पाय पांघरुणाखाली दाबून धरला होता! महाराजांचा पाय मात्र सगळ्यांदेखत कापत होता, आणि दातांखाली आलेल्या ओठातून रक्त येत होते.

"महाराज, थांबवा हे!"

"थांबवणं तुझ्या हाती आहे, बाळा. पी."

देशमुखांनी फुलपात्र उचलले. पाणी ओठाशी येऊन थांबले. क्षणभर त्यांना भावाचा चेहरा आठवला. मग महाराजांकडे पाहत त्यांनी ते एका दमात रिकामे केले. राही भरत होती, ते पीत होते. दुपार होईपर्यंत घागर संपत आली. मग ते आडोशाला गेले, आणि पितळी तस्तात टण्णकन काहीतरी पडले. सराट्यासारखा काटेरी खडा!

इकडे महाराज उठून बसले. कपाळ पुसत म्हणाले, "राही, मलाही घोटभर दे गं."

देशमुखांनी धावत येऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडणं सोपं आहे, रंभाजी."

अंगणात गाव जमले होते. देशमुख उठले. मग वळले, आणि राहीपुढे गुडघे टेकून वाकले. पागोटे सुटून मातीत पडले. "राहीबाई, चुकलो."

"अगं बाई! मालक, उठा!" गोंधळलेल्या राहीने घागर तिरकी केली. आत महाराजांपुरतेही पाणी उरले नव्हते. ती लगबगीने झऱ्याकडे निघाली.

तोच सगुणा आडवी आली. "तू बस, राहीमावशी. आज मी आणते." तिने घागर कशीबशी कमरेवर चढवली आणि साऱ्या गावासमोरून, एका अंगाला कलत, ती झऱ्याच्या वाटेला लागली.