भरवशाचं मशीन

“…पण ऐन वेळी बंद पडलं तर, अक्का? मग काय करायचं?”

मठ सांभाळणाऱ्या नीलाक्का ओट्यावर घेवडा मोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“पडेल की,” त्या म्हणाल्या.

शिवलीला दचकली. हल्ली तिला दचकायला एवढंही पुरत असे. गडहिंग्लजहून घाटाकडच्या या मठापर्यंत ती भर पावसात आली होती, ती धीराचे दोन शब्द मिळतील म्हणून.

मठात लोक काय काय विचारायला येत. मुलीचं स्थळ, भावकीतला बांध, पोराची दारू. कपडे धुवायचं मशीन आणि वाळवायचा ड्रायर कुठला घ्यावा, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. शिवलीलालाही ते कळत होतं. हायस्कुलात भूमिती शिकवणारी बाई ती. दुसऱ्या कुणी असा प्रश्न घेऊन मठाची पायरी चढलेली ऐकली असती, तर तीच पदराआड हसली असती. पण आता हसायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

तिचे सासरे अंथरुणाला खिळले होते. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. अर्धांगानं एक बाजू गेलेली; चादरी दिवसभर बदलाव्या लागत. जुन्या मशीननं पावसाळ्याच्या तोंडावरच मान टाकली. तेव्हापासून सगळं हातानं. आणि तिकडच्या पावसात वाळतंय काय? स्वयंपाकघरात दोऱ्या, जिन्यात दोऱ्या, देवघराच्या दारातसुद्धा एक दोरी. इस्त्री फिरवून फिरवून ओल मारायची, तरी कुबट वास हटत नाही. दमट चादरीवर पडून पडून अप्पांच्या कमरेवर लाल चट्टा उठला होता. त्याची जखम होऊ नये म्हणून ती देवाला हात जोडत होती.

आणि तो हातच गेला होता.

उजवा. मनगटात नस दाबली गेल्याचं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन लहानसं, पण नंतर काही आठवडे हाताला पाणी नाही, पिळणं नाही, ओझं नाही. तिनं तारीख घेतली. मग पुढे ढकलली. मग आणखी पुढे. आधी मशीन येऊ दे, मग ऑपरेशन, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी समजावणं सोडलं. बोटांतली संवेदना एकदा गेली की परत येत नाही, बघा बाई, एवढंच म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

वर्गात खडू हातातून गळायचा. मुली न बोलता उचलून द्यायच्या.

मशीन मात्र येत नव्हतं. कारण ते अजून सापडलं नव्हतं.

शोधायचं तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. समोरून कपडे टाकायचं की वरून, धुणं-वाळवणं एकातच असलेलं की दोन वेगळी. एकातलं घ्यावं, तर एक बिघडलं की दोन्ही बसतात. वेगळी घ्यावीत, तर ड्रायर ठेवायचा कुठे? आपल्याकडचं पाणी जड, त्यानं आतली कॉइल खराब होते म्हणे. लाईट वरखाली होते. उंदीर पाइप कुरतडतात. सर्व्हिसचा माणूस कोल्हापूरहून येतो, म्हणजे बहुतेक येतच नाही. पुण्याची नणंद एक सांगते, आज अप्पांपाशी बसलेल्या शेजारच्या काकू दुसरं. बाजारातला दुकानदार तर आताशा तिला लांबून पाहिलं की आत गोदामात काहीतरी शोधायला जातो.

हे सगळं तिनं अक्कांना सांगितलं. पावसासारखं सांगितलं, न थांबता.

मठात रिकाम्या हातानं बसायचं नाही, हा रिवाज. कुणी कितीही मोठं दुःख घेऊन येवो, समोर चाललेलं काम हातात धरायचं आणि मग बोलायचं. पंगतीला श्रावणाची गर्दी होती, म्हणून घेवड्याची पाटी तिच्याही पुढे होती. ती डाव्या हातानं शेंगा मोडत होती. अक्कांनी ते पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

“सगळी मशीनं बघून झाली?”

“सगळी.”

“मग त्यातलं न बिघडणारं कुठलं?”

शिवलीलानं हातातली शेंग खाली ठेवली.

“…एकही नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडे आले.”

अक्कांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना पटलं होतं. पागोळ्या ओट्याच्या कडेला पडत होत्या. आत कुणीतरी चुलीत लाकूड सारलं, धूर बाहेर आला.

“ऑपरेशन झाल्यावर तुझा हात बांधलेला असणार,” अक्का म्हणाल्या. “मग मशीनमध्ये चादर कोण घालणार?”

हा प्रश्न कुठल्या दुकानदारानं विचारला नव्हता. शिवलीलाला वाटलं, आपण सिद्धतेतली एखादी पायरी चुकलो.

“मीच. डाव्या हातानं.”

“आणि तू दवाखान्यात असशील त्या दिवशी?”

“त्या दिवशीच्या साठवून ठेवायला सांगेन.”

“कुणाला सांगशील?”

“…ह्यांना.”

कपाट आहे, पलंग आहे, तसे हे आहेत, अशा स्वरात ती म्हणाली. आणि मग, अक्कांनी विचारलं नव्हतं तरी, तिनं ती धोतराची गोष्ट सांगितली. महांतेशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हौसेनं एकदा मशीन लावलं होतं. अप्पांची पांढरी धोतरं आणि तिचा नवाकोरा लाल परकर, एकत्र. धोतरं गुलाबी झाली. अप्पा तेव्हा हिंडते-फिरते होते. तेच गुलाबी धोतर नेसून देवळात गेले, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, पोराचं कौतुक नेसलोय. सगळी गल्ली हसली. शिवलीला हसली नव्हती. त्या दिवसापासून महांतेशला मोरीचा उंबरा बंद. नवरा साखर कारखान्यात ऊस मोजणाऱ्या काट्यावर असतो, तिथे त्याची चूक होत नाही. घरात हात लावला की काम वाढतं, असं ती म्हणाली.

“माणूस चांगला आहे,” तिनं पुढे जोडलं. “पण भरवसा ठेवण्यासारखा नाही.”

“कुठे आहे तो?”

“खाली गाडीत. मीच म्हटलं, बसा. चिखल होईल.”

अक्कांनी शेंगा बाजूला सारल्या. आत पाहून त्यांनी त्याला बोलवायला सांगितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि ओट्याच्या टोकाला गेल्या. तिथे घंगाळात एक वाकळ भिजत पडली होती. कौल सरकून तिच्यावर गळलं होतं, म्हणून श्रावणातच धुवावी लागली. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली, जाडजूड. ओली वाकळ एकट्याला उचलत नाही. ती दोघांनी धरायची, एकानं इकडे पिळायची, दुसऱ्यानं तिकडे. हे तिकडच्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही.

महांतेश आला. पँट दुमडलेली, चपला खालीच काढलेल्या, केसांतून पाणी ओघळत. त्यानं अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं, आपलं काय चुकलं ते विचारल्यासारखं.

“एक टोक तू धर,” अक्का म्हणाल्या. “एक तिला दे.”

त्यानं धरलं. दोघांनी वाकळ घंगाळातून वर ओढली, तिच्यातून धो धो पाणी गळलं. त्यानं पीळ द्यायला सुरुवात केली. तिनंही. पण दोघं एकाच अंगाला पिळत होते, आणि वाकळ मधल्यामधे सापासारखी नुसती फिरत होती.

अहो, उलट… तिनं सांगितलं. त्यानं उलट केलं. तोवर तिनंही उलट केलं होतं. मग तिनं पुन्हा सांगितलं, अंमळ चढ्या आवाजात. त्यानं टोक खाली घेतलं तर वर घ्या, वर घेतलं तर ओढू नका. त्याच्या कपाळावरून पाणी डोळ्यांत जात होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“राहू द्या. द्या इकडे.”

तिनं त्याच्या हातातलं टोक काढून घेतलं. सवयीनं. ओट्याच्या लाकडी खांबाला वाकळीचा वेढा घातला, दोन्ही टोकं एकत्र करून मुठीत धरली आणि पीळ घालू लागली. घरी ती मोरीतल्या नळाला वेढा घालून चादरी पिळायची. इतकी वर्षं तशाच पिळत आली होती. खांब निमूट उभा राहतो, उलटसुलट करत नाही, त्याला काही सांगावं लागत नाही.

ती पिळत राहिली. दात आवळून, मान कलती करून, कोपर छातीशी घट्ट धरून. महांतेश बाजूला उभा. त्याचे हात नकळत पाठीमागे गेले होते.

…

“शिवलीला,” तो म्हणाला.

ती पिळतच होती.

“अगं… शिवलीला.”

तिनं खाली पाहिलं.

वाकळ केव्हाच सुटली होती. ओट्यावर, तिच्या पायांशी पडली होती, सगळा पीळ उलगडून. आणि तिची उजवी मूठ अजून हवेत फिरत होती. आवळलेली. आत काही नसलेली.

तिला कळलंच नव्हतं.

ती इतकी दचकली, की तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरला, परक्याचा धरावा तसा.

महांतेशनं जवळ येऊन तिची मूठ आपल्या हातात घेतली. एकेक बोट उलगडलं. मग अंगठ्याचं पेर दाबलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा दाबलं, जरा जोरानं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

ती भिंतीकडे पाहत राहिली. नस दुखते, एवढंच तिनं त्याला सांगितलेलं होतं. तारखा पुढे ढकलल्या त्या डॉक्टरांनी, असंही सांगितलं होतं.

“मला काही बोलली नाहीस.”

“तुम्ही काय केलं असतंत?” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरोखरच विचारल्यासारखं विचारलं तिनं, थकून.

महांतेश वाकला. वाकळीचं टोक त्यानं उचललं, दुसरं टोक शोधून काढलं, खांबाला वेढा घातला, तिनं घातला होता तसा, पण सैल. पहिल्या पिळालाच वेढा घसरला. अर्धं पाणी त्याच्या पँटीवर आलं. त्यानं पुन्हा घातला.

शिवलीलानं तोंड उघडलं. वेढा डावीकडून घ्यायचा असतो.

अक्कांनी नुसती तिच्याकडे पाहून मान हलवली… नाही, म्हणून.

तिनं तोंड मिटलं. ते मिटणं तिला वाकळीहून जड गेलं. नवऱ्याचा वेडावाकडा पीळ ती बघत राहिली, आणि ओठांशी आलेलं एकेक वाक्य गिळत राहिली. पाणी आधी धार लागून गेलं, मग थेंबाथेंबानं. आतल्या थरांत बरंच राहिलं असणार, तिला दिसत होतं. त्यानं ती वाकळ खांद्यावर टाकली, गुडघ्यात किंचित वाकला, सावरला, आणि आत चुलीवरच्या दांडीकडे घेऊन गेला. ओट्यावर त्याच्या मागे पाण्याचा लांब ओहोळ उमटत गेला.

“अर्धी ओलीच आहे,” शिवलीला म्हणाली.

“आहे,” अक्का म्हणाल्या. त्या पाटीपाशी येऊन पुन्हा बसल्या होत्या.

शिवलीलाही बसली. पाय दुमडून, भिंतीला टेकून. आज सकाळपासून ती कशालाच टेकली नव्हती. आत महांतेश कुणाला तरी विचारत होता, वाकळ दांडीवर लांबीनं टाकायची की रुंदीनं. कुणीतरी हसून त्याला काही सांगत होतं. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. तो झाकावा असं तिला वाटलं नाही.

शेवटी ती म्हणाली, “मग अक्का… मशीन?”

“ते त्याला आणू दे.”

“ह्यांना?” ती भिंतीपासून सुटून ताठ बसली. “ह्यांना त्यातलं काही कळत नाही, अक्का. दुकानदार गळ्यात मारील ते घेतील. चुकीचं आणतील.”

अक्कांनी एक शेंग उचलली. उजेडाला धरली. मोडली.

“आणेल,” त्या म्हणाल्या. “चुकीचंच आणू दे.”