ओंबी या नावाचा अर्थ

“ओंबी म्हणजे गव्हाचं कणीस, एवढं मला ठाऊक आहे, बुवा. त्याच्या पलीकडे काय अर्थ?”

खापरीबुवांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर परात होती, परातीत तांदूळ होते आणि ते खडे वेचत होते.

विचारणारे होते मुकुंदराव आष्टूरकर. साधी असामी नव्हे. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवली आणि निवृत्तीनंतर नावांचा कोश हाती घेतला. बावीस हजार नावं. प्रत्येक नावाचा अर्थ, त्याचं मूळ, आणि ते किती जणांनी ठेवलंय त्याचा आकडा. त्या आकड्यापायी या भल्या माणसानं जिल्ह्याजिल्ह्याच्या मतदारयाद्या पालथ्या घातल्या होत्या. कुणाच्या बारशाला गेले, तर पेढा तोंडात टाकायच्या आत बाळाच्या नावाची व्युत्पत्ती सांगून मोकळे.

असा माणूस फाल्गुनातल्या उन्हात बायकोच्या माहेरगावी आला होता आणि नदीकाठच्या या मठीत सतरंजीच्या तुकड्यावर बसला होता. मेहुण्यांनी, निवृत्तीआप्पांनी, त्यांना इकडे धाडलं होतं. गावातलं जुनं काही विचारायचं असेल तर बुवांना विचारा, म्हणाले होते.

“कुणाचं नाव?” बुवांनी विचारलं.

“माझ्या पत्नीचं. माहेरचं.”

“मग तिलाच विचार की.”

“ती नाही आता... दोन महिने झाले.”

बुवांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला.

मुकुंदरावांनी घसा साफ केला. दुःख आवरायची त्यांची रीत एकच, वर्गात बोलतात तसं बोलायला लागायचं. नावाचं मूळ आप्पांकडून कळलं होतं, तेच त्यांनी सांगितलं. गव्हाची कापणी चालू असताना ही जन्मली. बाप शेतातून धावत आला, तो हातातली ओंबी टाकायची विसरला. बाळाला बघायला वाकला आणि बाळानं ती ओंबीच मुठीत धरली. सोडवता सोडवेना. आत्या बारशाला दुसरंच नाव ठरवून आली होती, पण तिनंही कानात ‘ओंबी’ म्हटलं.

“पण ही घरगुती हकीकत झाली,” मुकुंदराव म्हणाले. “कोशात ती कशी घालणार? शिवाय हे नाव दुसऱ्या कुणाचंच सापडत नाही. तिचंसुद्धा नाही. मतदारयादीत ती वसुमती आहे. म्हणजे आकड्याच्या रकान्यात शून्य येतं, बुवा. असलेल्या नावापुढे शून्य कसं लिहू?”

“हाक मारणारे किती होते?”

मुकुंदराव गडबडले. असला रकाना त्यांच्या कोशात नव्हता. तरी त्यांनी बोटांवर मोजलं. वडील, आई, आत्या, आप्पा. नदीवर धुणं धुवायला बरोबर जाणारी कुणी एक मैत्रीण.

“पाच.”

“त्यात तू?”

...

मठीच्या मागे गहू उभा होता. कापणीला आलेला, वाऱ्यानं सळसळत होता. मुकुंदराव तिकडे बघत बसले.

मग त्यांनी लग्नाची गोष्ट काढली, आणि आता आवाज वर्गातला राहिला नव्हता. पत्रिकेत ‘ओंबी’ छापलेलं बघून त्यांना मित्रांत लाज वाटली होती. प्राध्यापकाची बायको आणि नाव काय, तर ओंबी. ‘वसुमती’ त्यांनी स्वतः निवडलं. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून दिले, तेव्हा अंगठीनं ते कोरून लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं म्हणून सासरच्या बायकांनी कौतुक केलं होतं. तीही खाली मान घालून हसली होती. त्यानंतर शेहेचाळीस वर्षं ती वसू.

“कधी रुसली?”

“नाही हो. कधीच नाही. तेच तर...”

बुवा तांदूळ वेचत राहिले.

शेवटची दोन वर्षं तिला विसरायचा आजार जडला, मुकुंदरावांनी सांगितलं. आधी मिठाचा डबा सापडेना. मग लेकीचा चेहरा गेला. मग हळूहळू सगळा संसारच गेला, मागून पुढे नव्हे, पुढून मागे, लहानपणाकडे. रोज दुपारी ती केस विंचरून, पदर खोचून दारातल्या पायरीवर जाऊन बसायची. कशाला बसलीस विचारलं, तर म्हणायची, हाक आली की घरी जायचंय.

मुकुंदराव आतून बोलवायचे. वसू, ऊन लागेल. वसू, जेवायला चल. ती वळून बघायची नाही. कान गेले म्हणून डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत. स्वयंपाकघरात पळी पडली तरी दचकायची. तरी यांच्या हाकेला ओ नाही.

“एकदा मी अंगावर ओरडलो, बुवा. पायरीपाशी जाऊन ओरडलो, वसू, किती वेळा बोलवायचं तुला. तेव्हा तिनं वर पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, पण मायेनं. म्हणाली...”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘ती वसू कोण हो? केव्हाचे बोलावताय बिचारे. येत नाही का ती?’”

बुवांचा हात परातीत थांबला.

दहाव्याला आप्पा आले. हार घातलेल्या फोटोपुढे काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ओंबे, माझ्या आधी निघालीस गं. मुकुंदराव शेजारीच होते. बावीस हजार नावं तोंडपाठ असलेल्या माणसाच्या ते तेव्हा ध्यानात आलं. दोन वर्षं ती चार हातांवर बसली होती. एका हाकेचं काम होतं. ती हाक त्यांना ठाऊक होती, पत्रिकेत छापलेली होती, आणि ती त्यांना एकदाही सुचली नाही. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागत नव्हता, आणि कोशातलं पान पुढे सरकत नव्हतं.

“म्हणून म्हणतो, अर्थ सांगा,” ते म्हणाले. “निदान नावाची नोंद तरी नीट करतो. तेवढंच माझ्या हातात आहे.”

बुवांनी वेचलेले खडे दाराबाहेर टाकले. तांदूळ हातानं सारखे केले आणि परात मुकुंदरावांपुढे सरकवली.

“लिही.”

मुकुंदराव बोटातली अंगठी काढू लागले, तर ती सुजलेल्या सांध्यावरून निघेना. मग त्यांनी बोटानंच लिहिलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचं ते सुरेख अक्षर आता कुठलं यायला. अनुस्वार दोनदा पुसला गेला, दोनदा द्यावा लागला.

लिहून त्यांनी परात बुवांकडे फिरवली.

बुवांनी बराच वेळ बघितलं.

“मला वाचता येत नाही, मास्तर.”

मुकुंदराव चमकले. एवढ्या लांबून आपण अर्थ विचारायला कुणाकडे आलो, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

“ओंबी असं लिहिलंय,” ते म्हणाले.

“ते तू आल्या आल्या सांगितलंस. हाक मार.”

“पण ती तर...”

“हाक मार.”

मुकुंदराव उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत मठीच्या मागच्या दारात गेले. समोर गहू, त्याच्यापुढे नदीचं कोरडं पात्र, पलीकडे तिच्या गावची घरं. तोंड उघडलं. ज्या नावाची लाज वाटली ते नाव जिभेवर यायला तयार होईना. दुसऱ्या खेपेला कसंबसं ओठांतल्या ओठांत आलं.

“इतक्या हळू कुणी ऐकतं का?” बुवा आतून म्हणाले.

“ओंबे...”

आणि मग म्हातारा मोकळा झाला. दाराची चौकट धरून, तिचा बाप मारत असेल तशी त्यानं हाक मारली.

“ओंबे! ए ओंबे! घरी चल गं!”

हाक गव्हावरून गेली, पात्र ओलांडून गेली. लांब कुणीतरी कापणी करणारी बाई कंबर सरळ करून उभी राहिली, इकडे बघितलं, आणि पुन्हा वाकली. मुकुंदरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्या नाहीत. कान देऊन उभे राहिले. वारा तेवढा होता.

बऱ्याच वेळानं ते वळले. बुवांनी चूल पेटवली होती. परातीतले तांदूळ, त्यावरच्या अक्षरांसकट, मडक्यातल्या पाण्यात ओतून झाले होते.

“कुणी ओ देत नाही, बुवा.”

बुवांनी चुलीत एक काटकी सारली.

“थांब,” ते म्हणाले. “तीही थांबली होती.”