वर्षातून एकदा दवंडी

नदीकाठच्या एका रानात एक हरिणी आपल्या काळविटासोबत राहत असे. एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडून तरसांची टोळी रानात घुसली आणि तिने अनेक पिल्ले मारली. त्यांत हरिणीचे पाडसही गेले. रानाचा राजा वाघ होता. त्याने कायदा केला, की तरसांना कोणी साथ देत असल्याचा नुसता संशय आला, तरी त्याला चौकशीवाचून गुहेत कोंडावे. पहारा रानकुत्र्यांकडे दिला. हरिणीनेही मान डोलावली. मात्र वाघाने एक अट घातली : दर पौर्णिमेच्या सकाळी टिटवीने गुहेत जाऊन यावे आणि आत किती आहेत, किती सुटले, किती जणांवर दोष सिद्ध झाला, हे पाणवठ्यावर सर्वांना ओरडून सांगावे.

काही महिने तसे चालले. एकदा टिटवी म्हणाली, “आत एक म्हातारं अस्वल आहे. दोष काही सापडलेला नाही.” त्याच संध्याकाळी अस्वल सुटले. रानकुत्र्यांना हे रुचले नाही. त्यांनी कोल्ह्याला पुढे केले. कोल्हा म्हणाला, “महाराज, दर महिन्याला कशाला? तरसही ऐकतात. वर्षातून एकदा सांगितलं तरी पुरे.” वाघाला ते पटले. हरिणी जवळच चरत होती. आपले कोणी आत नाही, मग आपल्याला काय त्याचे, असे वाटून ती गप्प राहिली.

मुलांनो, पुढे थंडीच्या दिवसांत माळाच्या कडेला बोरे खायला गेलेला तिचा काळवीट परतलाच नाही. रानकुत्र्यांनी त्याला गुहेकडे नेल्याचे एका सशाने पाहिले होते. हरिणी धावत टिटवीकडे गेली. “ताई, माझे धनी आत आहेत ना गं? बरे आहेत ना?” टिटवी म्हणाली, “मला आता आत सोडत नाहीत, बाई. वर्ष भरल्यावरच जाता येईल.” हरिणी गुहेपाशी गेली, तर रानकुत्री अंगावर आली. मग ती रोज समोरच्या झुडपात बसून कानोसा घेत राहिली.

वर्ष भरले. टिटवी गुहेत जाऊन पाणवठ्यावर आली. ती म्हणाली, “गुहा भरली आहे. दोष सिद्ध झाला, तो एकावर. बाकीचे बहुतेक पाणवठ्यावर रानकुत्र्यांशी भांडलेले. आतला झरा थंडी सरतानाच आटला. कितीतरी जण तहानेनं गेले. त्यांत काळवीटही आहे.”

वाघ गरजला, “मला हे आधी कुणी का सांगितलं नाही?”

“सांगणं तुम्हीच बंद केलंत, महाराज,” टिटवी म्हणाली.

वाघाने गुहा उघडवली, रानकुत्र्यांचा पहारा काढला आणि दर पौर्णिमेची दवंडी पुन्हा सुरू केली. हरिणी पुढे आली. “माझा काळवीट आता यानं परत येणार नाही, महाराज,” ती म्हणाली, “पण आत नेलेल्यांची तहान वेळेवर तरी कळेल.” वाघाला तिच्याकडे बघवले नाही.

तात्पर्य : भीतीपोटी राजाच्या हाती दिलेल्या मोठ्या अधिकाराचा हिशेब त्याने सर्वांसमोर वरचेवर मांडला पाहिजे, उशिरा कळलेल्या आकड्यांनी कोणाचा जीव वाचत नाही.